पानं वाढलीत, पण रेड चालू आहे

प्रश्न : माझा नातू चोवीस वर्षांचा. नोकरी माधापूरला, राहायला आमच्याकडे हिमायतनगरला. रविवारी रात्री साडेआठला मी पानं घेतली की हा कॉम्प्युटरसमोर, कानांवर ते मोठे हेडफोन. ‘अरे, थांबव जरा, चार घास खा नि मग खेळ’ म्हटलं की, ‘आजी, नक्को ना आत्ता, थांबवता येत नाही. मी हीलर आहे, मी उठलो तर सगळे मरतील!’ पत्ते पालथे घालता येतात, कॅरमवर फडकं टाकता येतं, हल्ली टीव्हीसुद्धा जागच्या जागी थांबतो. मग हाच एक खेळ मध्येच का थांबत नाही? ज्यांच्यासाठी हा उपाशी बसतो त्यांतल्या एकाचंही तोंड त्याने पाहिलेलं नाही, तरी म्हणतो, मित्र आहेत. आणि गंमत म्हणजे दिवाळी झाल्यावर त्याची ही वेळ आपोआप साडेआठची साडेनऊ झाली. विचारलं तर म्हणाला, ‘तिकडे घड्याळ बदललं.’ तिकडे म्हणजे कुठे?
— एक निवृत्त शिक्षिका, हिमायतनगर, हैदराबाद

उत्तर : आजी, पाकीट हाती आलं तेव्हा आधी पिनकोड पाहिला. हिमायतनगर आमच्या नांदेड जिल्ह्यातही आहे, तालुक्याचं गाव. पण कोड पाचशेने सुरू होत होता आणि आत ‘नक्को’ होतं, तेव्हा शंका उरली नाही. (आपला ‘नको’ दखनीत गेला, तिथे ‘नक्को’ झाला आणि हैदराबादच्या मराठी घरांत तसाच ठसक्यात परत आला.) तुमच्या त्या भागाशी माझंही जुनं देणंघेणं आहे, ते पुढे येईलच.

आधी निकाल सांगून टाकतो. नातू खोटं बोलत नाही. तो खेळ खरोखरच थांबवता येत नाही.

पत्ते, कॅरम नि टीव्ही तुमच्या घरात आहेत, म्हणून तुमचं ऐकतात. साधा कॉम्प्युटर गेमही घरातच, त्या पेटीत असतो. बटण दाबलं की राक्षस एक पाय वर करून हवेत तसाच उभा राहतो, तुम्ही पोळी लाटून येईपर्यंत. नातवाचा खेळ त्या पेटीत नाहीच. पेटी म्हणजे नुसती खिडकी. खेळाडू या जातीच्या खेळांना एमएमओ म्हणतात, लांबलचक नाव एमएमओआरपीजी. उलगडून सांगायचं तर हजारो माणसं एकाच वेळी एकाच जगात, प्रत्येकाने एकेक सोंग घेतलेलं. ते जग दूर कुठेतरी सर्व्हरवर चोवीस तास चालू असतं. तिथे दिवस उजाडतो, बाजार भरतो, कुणी नदीकाठी मासे धरत बसलेलं असतं, कुणी तलवारी घडवून विकत असतं. नातू झोपायला गेला तरी ते चालूच. तुम्ही पिशवी भरून घरी आलात म्हणून सुलतान बाजार बंद होतो का? तसंच.

ही कल्पना तुमच्या नातवापेक्षा बरीच जुनी आहे. 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि पुढे रिचर्ड बार्टल या दुसऱ्या विद्यार्थ्याने तो पुरा केला. चित्र एकही नाही. पडद्यावर नुसता मजकूर, तुम्ही कुठे उभे आहात आणि समोर काय आहे ते सांगणारा. पण त्या मजकुरात दुसरी खरीखुरी माणसंही वावरत होती, आणि सगळी गोम तिथेच आहे. एकट्याचा खेळ थांबवणं म्हणजे स्वतःला थांबवणं. दहाजणांचा थांबवायचा तर दहाजणांची परवानगी हवी.

याच बार्टलने 1996 मध्ये खेळाडूंच्या चार जाती सांगितल्या आणि त्यांना पत्त्यांची नावं दिली. तुम्ही पत्ते खेळता म्हणून मुद्दाम सांगतो. चौकटवाले संपत्ती आणि मानमरातब गोळा करतात. इस्पिकवाले कोपरे धुंडाळतात, नकाशाच्या काठावर काय आहे ते पाहायला जातात. बदामवाल्यांना माणसं हवी असतात, खेळ हे निमित्त. आणि किलवरवाल्यांना दुसऱ्याचा खेळ मोडण्यातच मजा वाटते. हीलरचं, म्हणजे बाकीच्यांना बरं करण्याचं, काम आपणहून पत्करणारा माणूस माझ्या मते बहुतेक वेळा बदामवाला असतो. नातू त्यात बसतो का, हे माझ्यापेक्षा तुम्हालाच कळेल.

हे जग त्याच्या कर्त्यालाही जुमानत नाही, याचा एक किस्सा खेळाडूंत प्रसिद्ध आहे. एमएमओआरपीजी हे नाव रूढ केलं रिचर्ड गॅरियटने, त्याच्या 1997 सालच्या ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळाच्या वेळी. त्या जगात गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिश नावाचा राजा म्हणून वावरायचा. चाचणी चालू असताना, ऑगस्ट महिन्यात, राजाची स्वारी दर्शन द्यायला उभी होती. त्याआधी सर्व्हर एकदा कोसळला होता आणि परत आल्यावर राजेसाहेब आपलं अमरत्व चालू करायचं विसरले. गर्दीतल्या एका खेळाडूने सहज आगीचा मंत्र टाकला आणि ज्याने ते जग रचलं तोच प्रजेसमोर जळून मेला.

दुसरा किस्सा सप्टेंबर 2005 चा, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मधला. त्यातला एक राक्षस खेळाडूंच्या रक्तात रोग सोडायचा. रोग त्याच्या अड्ड्यापुरता राहावा अशी योजना होती. पण खेळाडूंच्या पाळीव प्राण्यांबरोबर तो गावांत आला आणि पटापट फैलावला. नवखे खेळाडू चौकाचौकांत मरून पडले. काहीजण गाव सोडून पळाले, काही बरे करणारे मदतीला धावले, आणि काही महाभाग मुद्दाम रोग घेऊन गर्दीत शिरले. कंपनीने तऱ्हेतऱ्हेचे उपाय केले आणि शेवटी सर्व्हरच नव्याने चालू करावे लागले. 2007 मध्ये एरिक लॉफग्रेन आणि नीना फेफरमन या दोन संशोधकांनी या साथीवर ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात लेख लिहिला. 2020 मध्ये घरात कोंडून बसलो होतो तेव्हा तो लेख मला पुन्हा आठवला. मुद्दाम रोग घेऊन गर्दीत जाणारे तेव्हाही दिसतच होते.

आता तुमच्या जेवणाच्या पानाकडे येतो. ‘मी उठलो तर सगळे मरतील’ हे वाक्य ऐकायला नाटकी वाटतं, पण त्यामागे चोख हिशेब आहे. पाचपंचवीस जणांनी मिळून मोठ्या राक्षसावर चालून जायचं, त्याला रेड म्हणतात. वॉरक्राफ्टमध्ये सुरुवातीला एकेका रेडला चाळीसजण लागायचे. आता संख्या कमी झाली, तरी वाटणी तीच. एक-दोघे टँक : चिलखत घालून पुढे उभे राहायचं, मार आपल्या अंगावर घ्यायचा. बरेचसे मारणारे. आणि थोडे हीलर.

हीलर म्हणजे पंगतीतला तूपवाढ्या. त्याचं लक्ष अन्नावर नसतं, पानांवर असतं. कुणाचं तूप संपलं, कोण नको म्हणतोय पण त्याला हवंय, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांपर्यंत भांडं पोचलं का. नातवाच्या पडद्यावर राक्षस एका बाजूला असतो. त्याची नजर असते ती एका कडेला मांडलेल्या वीसपंचवीस पट्ट्यांवर. प्रत्येक पट्टी म्हणजे एकेका माणसाचा जीव, मार बसला की आखडते. कुणाची पट्टी अर्ध्यावर आली की तिकडे वाढायचं. टँकची पट्टी तर क्षणभरही नजरेआड करायची नाही. एक लढत पाचदहा मिनिटं चालते. नातू सहाव्या मिनिटाला वरणभात खायला उठला तर सातव्याला टँक आडवा, आठव्याला सगळे. त्याला ‘वाइप’ म्हणतात. मग सगळं पहिल्यापासून.

पण यातच तुमच्या कामाची एक गोष्ट आहे, जी नातू तुम्हाला सांगणार नाही. पूर्ण रेड दोन-तीन तासांची असते हे खरं, पण लढती सुट्या सुट्या असतात. दोन लढतींच्या मधे माणसं पाणी प्यायला उठतात, आणि बऱ्याच गटांत तासा-दीड तासाने दहा मिनिटांची ठरलेली सुट्टी असते. तेव्हा ‘थांबव’ म्हणू नका. ‘तुमचा ब्रेक कधी आहे?’ असं विचारा. एकदा विचारून पाहा, तो खुर्चीतून वळून तुमच्याकडे बघेल.

हे मी इतक्या ठामपणे सांगतो कारण मी स्वतः माणसं मारलेली आहेत. 2000 च्या दशकाच्या मध्यावर मी हैदराबादेत इंजिनिअरिंगला होतो, खोली नारायणगुड्याला. तिथून तुमच्या बाजूला येताना एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सायबर कॅफे होता, ताशी 15 रुपये. कोरियातल्या ग्रॅव्हिटी कंपनीचा ‘रॅग्नारोक ऑनलाइन’ हा खेळ तेव्हा लेव्हल अप नावाच्या कंपनीने भारतात आणला होता. कार्ड घ्यायचं, त्यावरचा नंबर टाकायचा की दिवस मोजायला सुरुवात. मी त्यात प्रीस्ट होतो, म्हणजे हीलरच. गटातले दोघे मुंबईचे, एक बंगळुरूचा, एक विशाखापट्टणमचा. मला सगळे पंडितजी म्हणायचे.

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी आम्ही एका खोल तळघरात अडकलेलो असताना वीज गेली. कॅफेत यूपीएसची टीं टीं सुरू झाली. मालक काउंटरवरून ओरडले, ‘सब बंद करो भाई, पाँच मिनट हैं!’ शेजारचे भराभर उठले. मला वाटलं, पाच मिनिटांत एवढ्यांना बाहेर काढतो. यूपीएसने दोन मिनिटांतच मान टाकली. काळ्या पडद्यात माझा घामाघूम चेहरा तेवढा दिसला. खाली जिन्यावर येऊन उभा राहिलो, समोर रस्त्यावर इराणी चहाचे पेले फिरत होते, आणि माझ्या डोक्यात एकच : आत्ता या क्षणाला ते चौघे मरतायत. दुसऱ्या दिवशी गेलो तर विशाखापट्टणमवाल्याचा निरोप पडलेला : ‘पंडितजी, कहाँ गायब हुए?’ त्या खेळात मेलं की कमावलेला अनुभव काही अंशी वजा व्हायचा, म्हणजे प्रत्येकाची एकेक संध्याकाळ मी बुडवली होती. आठवडाभर मी त्यांना औषधाच्या बाटल्या फुकट वाटल्या. पुढे खोलीवर बीएसएनएलचं डेटावन घेतलं. त्याच्या काही योजनांत रात्री 2 ते सकाळी 8 इंटरनेटला मोजमाप नसे. तेव्हा आम्ही 1:55 चा गजर लावून उठायचो आणि सकाळच्या लेक्चरला माना टाकायचो. त्या मानाने तुमच्या नातवाची रविवारची रात्र सात्त्विक आहे.

‘तिकडे’ म्हणजे कुठे, हे तुम्हीच पत्रात सांगून टाकलंय. खेळाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण दिवाळीनंतर वेळ एक तासाने पुढे गेली, यावरून गट बहुधा युरोपातला. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. त्यांची वेळ त्यांच्या घड्याळाने संध्याकाळी पाचचीच राहते. आपलं घड्याळ हलत नाही, म्हणून आपल्याकडे ती उन्हाळ्यात साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ होते.

मग एवढ्या लांब कशाला जायचं? एक तर वॉरक्राफ्टसारख्या काही मोठ्या खेळांचे सर्व्हर भारतात नाहीतच. दुसरं, गट जिथे जमला तिथे माणूस राहतो. त्याची किंमत मोजावी लागते ती अशी. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. हैदराबादहून ॲमस्टरडॅम सरळ रेषेत सुमारे साडेसात हजार किलोमीटर. जाऊन येऊन पंधरा हजार, म्हणजे सेकंदाच्या हजार भागांतले 75 नुसत्या प्रवासात गेले. तार काही सरळ रेषेत जात नाही, समुद्रातून वळसे घेते, म्हणून प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा. याला पिंग म्हणतात. नातवाने ‘बरा हो’ म्हणून बटण दाबलं की पापणी लवण्याइतका उशीर ठरलेला. तेवढ्यात टँक मरू शकतो. म्हणून भारतात बसून युरोपात हीलर होणारा माणूस मार बसायच्या आधीच औषध सोडायला शिकतो. तुम्ही वर्गात कोणता मुलगा आता खोडी काढणार हे पाठमोऱ्या ओळखत असाल, तोच प्रकार. कधीमधी समुद्रातली तारच तुटते. जानेवारी 2008 मध्ये इजिप्तच्या किनाऱ्याजवळ केबली तुटल्या आणि भारतातलं इंटरनेट रांगायला लागलं होतं.

इथवर मी नातवाची बाजू घेतली. आता थोडं त्याच्या विरुद्ध, कारण या खेळांबद्दल माझी मतं आहेत आणि सगळी गोड नाहीत.

न थांबणं दोन तऱ्हेचं असतं. एक माणसांमुळे : पलीकडे कुणी खोळंबलंय. दुसरं दुकानदारीमुळे. रोज हजेरी लावली तर बक्षीस, सातव्या दिवशी मोठं बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली. ‘ही तलवार फक्त रविवार रात्रीपर्यंत.’ पैसे देऊन बंद पेटी उघडायची आणि आत काय निघेल ते नशिबावर. अशा पेट्यांना बेल्जियमने 2018 मध्ये जुगार ठरवलं, आणि मला ते पटतं. जुन्या खेळांत महिन्याची ठरलेली वर्गणी असायची. ती महाग वाटायची, पण घरभाड्यासारखी सरळ होती. फुकट म्हणून दार उघडणारे खेळ आत गेल्यावर पावलोपावली हात पसरतात. तेव्हा नातवाला एक प्रश्न विचारा : आज तू गेला नाहीस तर कोण रागावेल? माणसाचं नाव सांगितलं तर पान झाकून ठेवा. ‘माझा रिवॉर्ड जाईल’ म्हणाला तर कान धरून उठवा, माझा पाठिंबा.

दुसरी तक्रार खास म्हाताऱ्या खेळाडूची. डिसेंबर 2009 मध्ये वॉरक्राफ्टने एक सोय आणली. बटण दाबायचं, खेळ आपणच चार अनोळखी माणसं जोडून देणार. त्याआधी चौकात उभं राहून हाका माराव्या लागत, ‘एक हीलर हवा, हीलर!’ तासन्‌तास जात. पण त्या तासांत बोलणं व्हायचं, कोण उद्धट, कोण सांभाळून घेणारा, सगळ्या गावाला माहीत असायचं. सोय झाली आणि माणसं मुकी झाली. वाड्यातून फ्लॅटमध्ये गेल्यावर झालं तेच. आणि हिमायतनगरचे बंगले पाडून तिथे काय उभं राहिलं ते तुम्ही रोज पाहताच. गंमत अशी की 2019 मध्ये कंपनीने तोच खेळ जुन्या, गैरसोयीच्या रूपात पुन्हा काढला, आणि लोकांनी शिरायला रांगा लावल्या. मीही होतो रांगेत.

पैशाचं एका ओळीत : ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या खेळांवर, तेलंगणात ती 2017 पासूनच होती. वर्गणी भरून खेळणं त्यात येत नाही. आणि व्यसनाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत घातलंय, पण खेळ हाताबाहेर जाऊन नोकरी, झोप, घर सगळं विस्कटलं आणि साधारण वर्षभर तसंच चाललं, तर. आठवड्यातला एक रविवार त्यात मोडत नाही.

राहिला मित्रांचा प्रश्न. न पाहिलेला माणूस मित्र कसा?

नॉर्वेत मॅट्स स्टीन नावाचा मुलगा होता. स्नायू झिजत जाण्याचा आजार, डुशेन नावाचा, चाकाच्या खुर्चीत. शेवटची वर्षं बहुतेक वेळ वॉरक्राफ्टमध्ये घालवायचा. आईवडिलांना वाटे, पोर एकटं राहिलं, ना मैत्री, ना कुणाच्या उपयोगी पडणं. नोव्हेंबर 2014 मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी लिहिली आणि खाली आपला ईमेल पत्ता दिला. मग पत्रं यायला लागली, परदेशांतून. त्या जगात मॅट्स हा इबेलिन नावाचा धिप्पाड गुप्तहेर होता. कुणाचं आपल्या मुलाशी तुटलेलं बोलणं त्याने सल्ला देऊन पुन्हा जुळवलं होतं, कुणाला वाईट दिवसांत रोज सोबत केली होती. त्याच्या गिल्डमधले, म्हणजे खेळातल्या गटातले, काहीजण अंत्यविधीला नॉर्वेपर्यंत गेले. बेंजामिन री या दिग्दर्शकाने त्याच्यावर केलेला माहितीपट 2024 मध्ये आला. नातवाला लावून द्यायला सांगा, दोघांनी मिळून पाहा. तो थांबवता येतो.

माझ्या विशाखापट्टणमवाल्याचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. भारतातला रॅग्नारोकचा सर्व्हर काही वर्षांत बंद पडला. जे जग जेवायलासुद्धा थांबत नव्हतं, ते एके दिवशी साफ मिटलं. आम्ही फोन नंबर घेतले नव्हते, कारण रोज तिथेच तर भेटत होतो. तुमच्या नातवाला तेवढं मात्र सांगा : युरोपातल्या त्या मंडळींचे पत्ते, नंबर काहीतरी बाजूला लिहून ठेव म्हणावं.

आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्याची वेळ परत साडेआठवर येणार आहे. त्या दिवसापासून पानं पावणेआठला घ्या. नाहीच जमलं तर बगारे बैंगन झाकून ठेवा, मुरल्यावर जास्त चांगलं लागतं.